नळी बंद होती

४ फेब्रुवारी

खारू,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. नऊ वर्षं ज्याची साधी चौकशी केली नाही, त्याला आशीर्वाद कसले पाठवायचे! म्हणून नुसतंच खारू. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला या नावानं आता कुणी हाक मारत नसेल. लहानपणी गालात खाऊ साठवून बसायचास म्हणून मीच ठेवलेलं नाव आहे ते.

अक्षर वेडंवाकडं दिसेल. घाबरू नकोस, मी प्यायलेली नाही. उजव्या खांद्याचं ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले. एकोणीस वर्षं उंदरांचे पिंजरे फळीवर चढवायचे आणि फळीवरून उतरवायचे, दुसरं काय होणार? आतला स्नायू उसवला होता, तो शिवला. हात गळ्यात बांधलाय आणि पाटी मांडीवर घेऊन लिहितेय.

पत्ता तुझ्या जुन्या पाकिटाच्या पाठीवरून घेतला. आतलं पत्र मात्र घर आवरताना कुठेतरी गहाळ झालं, तेव्हा त्यात काय होतं ते मला विचारू नकोस.

एका कामासाठी लिहितेय. आमचे सर व्यसनावर संशोधन करतात हे तुला माहीत आहे. उंदरांना काय वाटतं ते त्यांना विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते. पहिली गोळी घेतलीस, अगदी पहिली, गुडघा मोडला तेव्हाची, तेव्हा तुला कसं वाटलं होतं? नंतरचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय, ते नको. पहिल्या गोळीचं सांग.

मलाही त्याच गोळ्या दिल्यात बरं का. तोच रंग, तेच पाकीट. मी ते फोडलेलंही नाही. दुखतं, पण मी आईची मुलगी, दात आवळून बसते. बाबांची दारू बघितली, तुझ्या गोळ्या बघितल्या, त्यानंतर माझा हात त्या पाकिटाकडे जाईलच कसा?

तेवढं लगेच कळव. लगेच म्हणजे खरंच लगेच.

ताई


१७ फेब्रुवारी

खारू,

उत्तर नाही. तक्रार करायला मी तोंड कुठून आणू?

मी कामावर रुजू झाले. उचलायचं काही नाही, फक्त नोंदवही आणि पेट्यांवर लक्ष. तू आमच्या प्रयोगशाळेत कधी आला नाहीस, म्हणून सांगते. इतर ठिकाणचे उंदीर एका साच्यातून काढल्यासारखे असतात, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. आमचे तसे नाहीत. आठ वेगवेगळ्या घराण्यांचे उंदीर पिढ्यानपिढ्या एकमेकांत मिसळून हे तयार केलेत. बाजारातल्या माणसांसारखा एकेक वेगळा निघतो. जोड्या लावताना जवळचं नातं येऊ द्यायचं नाही, त्याची एक जाडजूड वही आहे आणि ती मी सांभाळते. पिंजरे धुणाऱ्या मावशी मला म्हणतात, "तुम्ही माणसांची लग्नं जुळवली असतीत तर एव्हाना बंगला झाला असता!"

उंदराच्या पाठीतून शिरेत एक बारीक नळी घातलेली असते. पेटीत एक खटका. खटका दाबला की नळीतून थेंबभर औषध आत जातं, तुझ्या गोळ्यांत असायचं तेच. सगळ्यांना खाणं तेच, पेटी तीच, उजेड तेवढाच. तरी एखादा दोनदा दाबतो, मिशा पुसतो आणि कोपऱ्यात जाऊन झोपतो. एखादा दाबतच राहतो. पुढे खटक्याबरोबर पायाला चटका बसेल अशी सोय करतात. बहुतेक मागे सरतात, थोडे सरत नाहीत. त्या थोड्यांच्या रक्तात असं काय आहे, ते शोधायचं. शेवटी मेंदू मात्र सगळ्यांचाच काढून बघतात, खटका दाबणाऱ्यांचाही आणि न दाबणाऱ्यांचाही.

सध्या एका वेताची दोन आहेत माझ्याकडे, भाऊ आणि बहीण. भाऊ पहिल्या दिवसापासून खटक्याला चिकटलाय. बहिणीनं पहिल्या दिवशी दोन-चारदा दाबला आणि सोडून दिला, तो आजतागायत. बारा दिवस झाले. मी तिला बाईसाहेब म्हणते. नोंदवहीत तिच्यापुढे लिहिलंय, 'औषधाला बधत नाही.' एका आईचं दूध प्यायलेली, एकाच पिंजऱ्यात लोळलेली ही दोघं. मला कुणाची आठवण झाली असेल ते तुला कळलंच असेल. रागावू नकोस. माझी जीभ तुला नवी नाही.

आणखी एक झालं. औषधाच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आली. त्या कपाटाला दोन कुलपं आहेत, किल्ल्या दोन माणसांकडे, आणि दर वेळी दोघांच्या सह्या. एकट्यानं उघडायचंच नाही असा नियम. एक किल्ली सरांकडे असते. दुसरी ज्यांच्याकडे होती ते लांबच्या रजेवर गेले. सर म्हणाले, "तुमच्यासारख्या माणसाकडे ती असली की मला झोप लागते."

हो, आणि ते पाकीट फोडलं मी. डॉक्टरच म्हणाले, दुखणं अंगावर काढू नका. एखादी घेतली. ते संपलं, मग त्यांनी आणखी एक दिलं, तेही संपलं. आता पुरे म्हणाले. मीही म्हटलं, पुरे. विषय संपला.

तुझे हात कधी थरथरायचे का रे? दोन गोळ्यांच्या मध्ये? सरांसाठी विचारतेय.

ताई


५ मार्च

खारू,

बाईसाहेबांची नळी बंद होती.

कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. ऐक. नळी उघडी आहे की नाही ते तपासायचं असतं. आठवड्यातून एकदा तिच्यातून झोपेच्या औषधाचा एक थेंब सोडायचा. एक-दोन-तीन म्हणेपर्यंत उंदीर आडवा झाला, तर नळी उघडी आहे. नाही झाला, तर कुठेतरी अडलंय. दोन मिनिटांचं काम आहे, पण उंदीर नीट धरावा लागतो आणि माझा हात गळ्यात. कुणालाही हाक मारता आली असती. मी मारली नाही. दोन्ही आठवडे त्या रकान्यात 'ठीक' लिहून मोकळी झाले. खांद्याचं निमित्त होतं. खरं म्हणजे मला तपासायचंच नव्हतं. ती जशी दिसत होती तशीच मला हवी होती.

तुला मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सर म्हणाले, हिची नळी एकदा बघून घेऊ. त्यांनी धरलं, मी थेंब सोडला. मी मनात आकडे मोजतेय. तीन झाले, दहा झाले, तीस झाले. बाईसाहेब टुकूटुकू माझ्याकडे बघताहेत. नळी पाठीतच दुमडली होती, पहिल्या दिवसापासून. तिनं खटका दाबला, काही आलं नाही, मग पुन्हा कशाला दाबायचा? एवढीच होती तिची सगळी तपश्चर्या. औषध तिच्यापर्यंत कधी पोचलंच नव्हतं.

सरांना वाटलं, आत्ताच कधीतरी दुमडली असेल. मी गप्प बसले.

नवी नळी घातली, जखम भरायला आठवडा दिला आणि पुन्हा पेटीत ठेवली. मी समोरच बसले होते. वळताना चुकून पाय खटक्यावर पडला. ती थांबली. मान वर केली. मग दुसऱ्यांदा दाबला, तो चुकून नव्हता. त्या दिवशी दुपारपर्यंत तिनं भावाला मागे टाकलं.

आज चटका लावला. भाऊ दोन चटक्यांत मागे सरला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. ती सरली नाही. चटका बसला की पाय झटकायची आणि दुसऱ्या पायानं दाबायची. सर खूश झाले, म्हणाले, असा एखादाच मिळतो. माझी पाचावर धारण बसली होती. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं.

आयुष्यभर मी काय सांगत आले? मला बघा. त्याच बापाची मुलगी, पण थेंबाला शिवले नाही. आईला सांगितलं, नातेवाइकांना सांगितलं, तुझ्या तोंडावर सांगितलं. मला कुणी कधी काही दिलंच नव्हतं रे.

काळजी करू नकोस. मी ठीक आहे. घरात गोळ्याच नाहीत, तर घेणार कुठून?

ताई


१३ मार्च

खारू,

तुझं पत्र गहाळ झालं नव्हतं. चार वर्षं कपाटात साड्यांच्या घड्यांखाली न फोडता ठेवलं होतं. आत तू माफी मागितली असशील, मग मला माफ करावं लागेल, असं वाटायचं. म्हणून फोडलं नाही. इतकी मी कोती आहे.

आज सकाळी फोडलं. माफी नव्हतीच. तू लिहिलंय, 'ताई, उत्तराची अपेक्षा नाही. मी बरा आहे. सुताराकडे कामाला आहे, खोली तिथेच वर आहे. तू एकदा ओरडली होतीस, मेल्या काय मिळतं तुला त्यातून? तेव्हा सांगता आलं नाही. पहिल्यांदा घेतली तेव्हा असं वाटलं, की घरात जन्मापासून एक पंखा खडखडत होता आणि कुणीतरी तो बंद केला. तो चालू आहे हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं.'

ते पत्र आता उघडं समोर ठेवलंय.

माझ्या प्रश्नाचं उत्तर चार वर्षांपूर्वीच माझ्या कपाटात येऊन पडलं होतं. आणि तो प्रश्न सरांचा नव्हता, हे तू पहिल्याच पत्रात ओळखलं असशील. पाकीट मी पहिल्याच दिवशी फोडलं. दवाखान्यातून आले, खुर्चीत बसले, पाण्याबरोबर एक घेतली. अर्ध्या तासानं दुखणं कमी झालं, ते होणारच होतं. पण त्याबरोबर दुसरंही काहीतरी थांबलं. जिन्यावर बाबांची पावलं वाजतात का, कशी वाजतात, सरळ की अडखळत, हे ऐकत आपण दोघं अंथरुणात पडून राहायचो, आठवतं? बाबा जाऊन वीस वर्षं झाली. मी अजून ऐकतच होते. कामावर, स्वयंपाकघरात, झोपेत सुद्धा माझा कान जिन्याकडे. त्या दुपारी तो कान पहिल्यांदा बंद झाला. मी रडले. आनंदानं रडले, खारू. बावन्न वर्षांची बाई, खुर्चीत बसून.

दुसऱ्या दिवशी खांदा फारसा दुखत नव्हता. तरी घेतली.

आता दाराचं सांगते, कारण पहिल्या पत्रापासून मी त्याच्याभोवतीच फिरतेय. रविवारची दुपार होती. तू काठी टेकत तीन जिने चढून आलास, हातात तो स्टीलचा गोल डबा. म्हणालास, "ताई, या गोळ्या तुझ्याकडे ठेव. मी कितीही मागितल्या तरी रोज एकच दे. मी रडलो तरी देऊ नकोस." आणि मी म्हणाले, "घरात नसती ब्याद नको. तुझं तू बघ." दार लावून घेतलं. तू डबा उंबऱ्यावर ठेवून गेलास. मी तो कचऱ्यात टाकला.

तू किती मोठी गोष्ट मागत होतास, ते मला आज कळतंय. तेव्हा वाटलं, हे नवीन नाटक.

मला भीती वाटते. नुसती भीती नाही, सकाळी उठल्यापासून पोटात कुणीतरी मुठीनं पिळत असतं. नाक गळतं, पाय आखडतात, अंगावर काटा येतो आणि जात नाही. मग एक घेतली की सगळं शांत. कुठून येतात ते विचारू नकोस. दोन उरल्यात. त्यानंतर काय करायचं ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर माहीत आहे, म्हणूनच घाबरलेय.

सर त्यांची किल्ली टेबलावरच्या कान तुटलेल्या कपात ठेवतात.

ताई


१६ मार्च

खारू,

आज दोन्ही किल्ल्या माझ्या हातात होत्या.

जेवणाची सुट्टी, सगळे बाहेर गेलेले. सरांच्या टेबलावरचा कप उचलला, किल्ली काढली. इतकं सोपं होतं की मला हसू आलं. पहिलं कुलूप माझं, दुसरं त्यांचं. आत छोट्या बाटल्या ओळीनं उभ्या. एक हातात घेतली. गार होती.

मग वही उघडली, दोन सह्यांसाठी. माझी सही केली. सरांची करायला लागले आणि हात थबकला, कारण ती हुबेहूब यायला लागली होती. बघितलं तर वहीत एक कागद होता, जुन्या पानाचा तुकडा. त्यावर सरांची सही अकरा वेळा केलेली. अक्षर माझंच. कधी केली मी? नीट आठवलं तेव्हा कळलं, आठवडा झाला असेल, बाईसाहेबांसमोर बसल्या बसल्या. हात चालला होता आणि मी दुसरीकडे बघत होते.

तेवढ्यात मावशी पिंजऱ्यांची गाडी ढकलत आल्या. मी कपाटाशी उभी, बाटली मुठीत.

"अहो, एवढ्या पांढऱ्याफटक का पडलात? खांदा ठणकायला लागला का?"

"हो."

"मग बसा की! कपाट कुठं पळून जातंय? मी सरांना सांगते, यांना अजून घरी ठेवा म्हणून. या वयात अंगावर काढायचं नसतं, बाई."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि पुढे गेल्या. मी बाटली जागेवर ठेवली. दोन्ही कुलपं लावली. किल्ली कपात टाकली. वहीतला माझ्या सहीचा कागद फाडला आणि सह्यांचा तुकडा चावून गिळला. हो, गिळला. हसायचं तर हस.

मी आज घेतली नाही. पण मावशींची गाडी पाच मिनिटं उशिरा आली असती तर? उद्याही जेवणाची सुट्टी आहे, परवाही आहे. तेव्हा मी नसतेच, तर तू कुणाकडे गेला असतास रे? मला आता कुणाच्या तरी दारात उभं राहायचंय आणि सांगायचंय, हे माझ्याकडून काढून घ्या. आणि मला एकही दार आठवत नाही.

ताई


२० मार्च

खारू,

काल सरांना सांगितलं.

दोन दिवस घरी होते, ताप आला म्हणून कळवलं होतं. ताप नव्हता, ते काय असतं ते तुला सांगायला नको. रात्री झोप नाही, पाय सारखे हलतात, पोटात काही ठरत नाही. काल कशीबशी उठले आणि गेले. वाटेत दोनदा परत फिरले. त्यांच्या खोलीत उभी राहिले, माझी किल्ली टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ही माझ्याकडून घ्या. आणि तुमची कपात ठेवू नका."

मग मी सगळं सांगितलं. गोळ्या, कपाट, सह्या. शेवटी नळी. तपासणी केलीच नव्हती, दोन्ही वेळा 'ठीक' खोटं लिहिलं, नळी पहिल्या दिवसापासून दुमडलेली होती.

आणि गंमत बघ, कपाटाचं ऐकून ते गप्प होते, पण नळीचं ऐकून खवळले. "खोटी नोंद? तुम्ही? एकोणीस वर्षांत एक खाडाखोड नाही तुमच्या वहीत!" टेबलावर हात आपटला. "मी त्या उंदरावर शोधनिबंध लिहायला घेतला होता, काही दिवस बधला नाही आणि मग एकाएकी बधला म्हणून!" मी रडायला लागले. मग ते उठले, कपातली किल्ली काढून खिशात घातली आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"किती दिवस घेताय?"

"पन्नास."

"शेवटची कधी?"

"पंधरा तारखेला."

"आणि नुसतं सोसताय?" ते वळले. "उंदरांचं औषध सुद्धा आम्ही असं एकदम तोडत नाही हो. चला, डॉक्टरांकडे जाऊ. मी गाडी काढतो."

नोकरीचं काय ते अजून त्यांनी सांगितलेलं नाही. वर कळवावं लागेल म्हणाले, तो नियम आहे. बरोबर आहे त्यांचं. डॉक्टरांनी दुसरं औषध दिलंय, ते रोज दवाखान्यात जाऊन त्यांच्यासमोर घ्यायचं. रोज एकच. तू मला जे मागितलं होतंस, ते आता मला एक नर्स देते, ओळख ना पाळख, तरी हसून देते.

बाईसाहेब अभ्यासातून बाद झाल्या. सर म्हणाले, तिची नोंद आता धरता येणार नाही. मी निघताना बघून आले. पेटीतून काढून साध्या पिंजऱ्यात ठेवलंय. खटका नाही, तरी ज्या कोपऱ्यात तो असायचा तिथे ती पुढचा पाय भिंतीवर दाबत होती.

खारू, मी तुझ्याकडे येऊ का? फार दिवस राहणार नाही. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

ताई


२९ मार्च, रविवार

खारू,

तुझं कार्ड मिळालं. दहा वेळा वाचलं. 'रविवारी घरी असतो. जिना अरुंद आहे, डाव्या हातानं कठडा धर.' म्हणजे तू सगळी पत्रं वाचलीस, खांदा कुठला हे सुद्धा लक्षात ठेवलंस.

जिना चढले. आता तुझ्या दारासमोर शेवटच्या पायरीवर बसून लिहितेय. दाराखालून उजेड दिसतोय. आत तू काहीतरी घासतोयस, पॉलिशपेपरचा आवाज येतोय. लाकडाचा वास आहे. हात उचलून दार वाजवायचं एवढंच काम आहे आणि मला ते जमत नाहीये. पाऊण तास झाला असेल. आत आल्यावर तोंडानं सांगता येणार नाही असं एक उरलंय. ते आधी लिहिते.

त्या दिवशी मी दार लावलं आणि आत गेले नाही. दाराला कान लावून उभी राहिले. तू लगेच गेला नाहीस. तू दाराला पाठ टेकून बसलास, काठी पडल्याचा आवाज आला, मग तुझं रडणं. मधे फक्त एक फळी होती. तू हळू आवाजात म्हणत होतास, "ताई, मला भीती वाटते." मी ऐकलं. सगळं ऐकलं. कडीवर हात ठेवून उभी होते आणि कडी काढली नाही. मग तू उठलास, डबा ठेवलास, एकेक पायरी उतरत गेलास. तुझी पावलं अडखळत होती, बाबांसारखी, आणि मला वाटलं, झालं, हाही गेला.

तू गेल्यावर मी दार उघडलं आणि डबा आत घेतला. कचऱ्यात टाकला असं तुला लिहिलं, ते खोटं. कपाटात वरच्या फळीवर ठेवला, पुरावा म्हणून. कुणी म्हणालं की भावाला दारातून हाकललंस, तर उघडून दाखवायचा, हे बघा काय घेऊन आला होता. एकदा आईला दाखवला सुद्धा. त्यात एकेचाळीस गोळ्या होत्या. त्यानंतर मी तिकडे बघितलं नाही. फेब्रुवारीत डॉक्टर पुरे म्हणाले, त्या संध्याकाळी स्टूल लावून एका हातानं खाली काढला.

तू माझ्या भरवशावर ठेवून गेला होतास. रोज एकच दे म्हणाला होतास. मी त्या सगळ्या खाल्ल्या, खारू.

डबा आणलाय. घासून, पुसून, रिकामा. माझ्या मांडीवर आहे. तुझी वस्तू तुला परत करायची, एवढ्यासाठी आले असं समज.

हे पत्र आता दाराखालून सरकवते. पॉलिशपेपरचा आवाज मघाशीच थांबलाय. तूही दारापाशी आला असशील, तर तुला माझा आवाज ऐकू येईल. त्या दिवशी दाराला टेकून तू म्हणाला होतास तेच मी म्हणणार आहे.